उगवू नका म्हणून सांगितलेले कांदे

किरण हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा गाजला तो आईच्या तोंडून, आणि तोही शिवी हासडावी तसा. लासलगावच्या बाजूला एक नवीनच केंद्र सुरू झालं होतं. तिथे कांद्याला किरण मारतात आणि मग त्या कांद्याला महिनोन्‌महिने कोंब फुटत नाही, अशी बातमी गावात आली होती. आई चुलीपुढे बसून भाकरी थापत होती आणि नाना, म्हणजे माझे वडील, तिला ही बातमी अगदी रंगवून सांगत होते. नाना गावातल्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचे. शाळा सुटली तरी त्यांचं शिकवणं सुटायचं नाही. समोर वर्ग नसला की आई आणि मी हाच वर्ग. "किरण देणारा कोबाल्ट एका खोल पाण्याच्या हौदात ठेवलेला असतो," नाना सांगत होते, "काम असलं की तो वर उचलायचा, कांद्याच्या पेट्या त्याच्याभोवती फिरवायच्या, काम झालं की परत पाण्यात. भिंती एवढ्या जाड, की..." आईने भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "मेले ते किरण आन् मेली ती पेटी. माझ्या कांद्याला कोनी हात लावायचा नाय."

'माझा कांदा' हे ती काही उगाच म्हणत नव्हती. शाळेतलं सगळं नानांचं आणि शेतातलं सगळं आईचं, अशी आमच्या घरातली वाटणी होती. दोन एकरांचा तुकडा, विहीर वाटणीतली, पण त्या तुकड्यातला कांदा पंचक्रोशीत ओळखला जायचा. लग्न होऊन आली त्या वर्षापासून आई दर उन्हाळ्यात कांदा काढणीला आला की ढिगापुढे बसकण मारायची आणि एकेक कांदा हातात घेऊन बघायची. मान बारीक हवी, रंग गडद हवा, बूड आवळ हवं. मनात भरला तो पदरात, नाही भरला तो ढिगात. हे पदरातले कांदे बियाण्याचे. ते कांदाचाळीत वेगळे ठेवायचे, दिवाळी झाली की परत जमिनीत लावायचे, मग थंडीत त्यांना उंच दांडे यायचे आणि दांड्यांच्या टोकाला पांढऱ्या फुलांचे गोंडे. आमच्याकडे त्यांना डोंगळे म्हणतात. त्या गोंड्यांत काळं बारीक बी धरायचं आणि ते बी न्यायला निम्मं गाव आमच्या ओसरीवर यायचं. आई बी द्यायची, वर चहा पाजायची आणि प्रत्येकाला रोप कसं टाकायचं यावर एक भाषणही द्यायची. भाषणाची आवड नवरा-बायकोत सारखीच होती, हे मला फार उशिरा कळलं. एवढं सगळं आयतं मिळत असल्यामुळे गावात दुसरं कोणीच त्या कांद्याचं बी धरत नसे. सुमनबाईंकडे आहे ना, मग झालं.

त्या दिवसांतली आमच्या घराची सकाळ मला अजून कानात ऐकू येते. पहाटेच ट्रॅक्टर मार्केटच्या दिशेने निघायचे, त्यांच्या ट्रॉल्यांच्या साखळ्या खडखडायच्या, आणि त्या आवाजावर नाना दाढी करता करता रेडिओच्या बातम्या स्वतःच्या टिप्पणीसह आम्हाला ऐकवायचे. मी अकरावीत होते. न्याहारीला शिळी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि बुक्कीने फोडलेला कांदा. सुरीने कापलेला कांदा गोड लागत नाही असं आईचं ठाम मत होतं. (आता माझ्या घरात कांदा बारीक चिरायचं यंत्र आहे. मुलांना बुक्कीने फोडून दाखवला तर ती टाळ्या वाजवतात, पण खात नाहीत.)

तर गाव किरणांच्या विरोधात होतं आणि गावाचा पुढारी होता दगूआप्पा. त्याचं किराणा दुकान चावडीजवळ होतं, आणि साखरेच्या पुडीबरोबर तो बातम्याही बांधून द्यायचा. किरण मारलेला कांदा खाल्ला तर पोट अंधारात उजळतं, ही बातमी त्याच्याच दुकानातली. शेवटी नानांनीच पुढाकार घेऊन केंद्रातल्या एका तरुण साहेबांना शाळेत बोलावलं. त्या साहेबांनी फार शहाणपणा केला. भाषण न करता त्यांनी पिशवीतून एक लहानसं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. "याला किरण कळतात," ते म्हणाले. "ज्याला जे आणायचं ते घरून आणा. आपण याला दाखवू." यंत्र अधूनमधून एकटंच टिक... टिक करत होतं. एवढी टिकटिक तर सगळीकडेच असते, जमिनीतून येते, आभाळातून येते, असं साहेबांनी सांगितलं. त्यांनी किरण मारलेला कांदा त्याच्यापुढे धरला. टिक... टिक. साधा कांदा धरला. टिक... टिक. लोक घरून मीठ घेऊन आले, विहिरीचं पाणी घेऊन आले, एकाने तर आपली म्हातारी सासू पुढे केली. यंत्राला कोणाचंच काही वाटेना.

तेवढ्यात कोणाचा तरी पोरगा गॅसबत्तीच्या मेंटलचं पाकीट घेऊन आला. त्या काळी लोडशेडिंग असायचं आणि घराघरांत बत्ती. पाकीट जवळ नेलं मात्र, यंत्र असं काही कडकडायला लागलं की पुढच्या रांगेतल्या बाया उठून उभ्याच राहिल्या. साहेब हसून म्हणाले, "घाबरू नका. काही मेंटलमध्ये थोरियम नावाचा पदार्थ असतो, त्याचे हे किरण. असं पाकीट बंद असलं तर काही होत नाही. जुनं मेंटल फुटलं तर त्याची राख तेवढी फुंकू नका." मग त्यांनी सहज विचारलं, "कुठून घेतलं हे?" सगळ्या शाळेने एकदम मागे वळून दगूआप्पाकडे बघितलं. आप्पा म्हणाला, "आरं, मला काय म्हाईत! मी तर घरी बी तेच लावतो!" त्यानंतरचं हसणं इतका वेळ चाललं की सभेचा समारोप करायचा राहूनच गेला.

आई त्या सभेतून आली ती बदलूनच. तिचं सगळंच असं असायचं, नाही म्हटलं की नाही आणि पटलं की मग मागेपुढे बघायचं नाही. दुसऱ्या दिवशी ती स्वतः बसमध्ये बसून ते केंद्र बघून आली. जाड भिंतींमधून वळणं घेत जाणारा रस्ता, दारावरचा लाल दिवा, कामगारांच्या छातीला लावलेले बिल्ले. दिवसभरात कोणाला किती किरण लागले ते त्या बिल्ल्यात साठतं म्हणे. हे सगळं तिने आम्हाला नानांपेक्षा चांगलं समजावून सांगितलं. "त्या बिल्ल्यावानी बिल्ला मानसाच्या रागाला बी पायजे होता," ती नानांना म्हणाली, "म्हंजे तुमाला कळलं असतं मी किती सोसलं ते."

त्या उन्हाळ्यात कांदा निघाला, सुकला. नाशिकला राहणाऱ्या माझ्या आत्याचा वर्षाचा वाटा नेहमीप्रमाणे आधी इंदिरानगरला गेला, बाकीचा बहुतेक माल मार्केटला गेला, आणि किरण मारायला थोडाच न्यायचा असं ठरलं. कोणता न्यायचा हा प्रश्न आईला पडलाच नाही. जो सगळ्यात जपायचा, तोच आधी. पदरातले निवडक कांदे पोत्यांत भरले, तोंडं शिवली आणि केंद्रावर नेले. नानांनी स्वतः पोती गाडीत चढवली. मी पोत्यांवर बसून गेले. तिथल्या माणसांना पोत्यात कांदा आहे एवढंच ठाऊक. आम्हा तिघांच्याही डोक्यात काही आलं नाही, आणि त्यातले एक तर विज्ञानाचे शिक्षक होते.

दरवर्षी दिवाळीपर्यंत बियाण्याचे निम्मे कांदे सडायचे. त्या वर्षी एकही नाही. आई आल्यागेल्याला चाळीत नेऊन दाखवायची, "बघा, दगडावानी हायेत." दिवाळी झाली, वाफे झाले, कांदे लागले. पाणी दिलं. आठवडा गेला, काही नाही. थंडी हाय, येतील, असं म्हणत दुसरा आठवडा गेला. शेजारच्या शिवारात दुसऱ्या वाणाच्या डोंगळ्यांच्या हिरव्या पाती वीतभर झाल्या आणि आमच्या वाफ्यात नुसती ओली माती. एका संध्याकाळी आईने एक कांदा उकरून आणला आणि ओट्यावर मधोमध कापला. बाहेरून घट्ट, लालबुंद, झकास. आत मधोमध, जिथून कोंब निघतो, तिथे तपकिरी ठिपका.  मग नाना खुर्चीवर बसले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "सुमन, आपण त्यांना उगवू नका म्हणून सांगून आलो की."

मला हसू फुटलं. आईचा चेहरा बघून ते तसंच आत गेलं. आई रडली नाही, भांडली नाही, आणि याचीच मला भीती वाटली. तिने सुरी धुतली, जागेवर ठेवली आणि ओसरीवर जाऊन बसली. आदल्या वर्षीचं बी डब्याच्या तळाला थोडं होतं, पण कांद्याचं बी वर्ष उलटलं की धड उगवत नाही. गावात विचारावं तर सगळ्यांनी भाव बघून केव्हाच माल विकलेला. इतक्या वर्षांत तिने एकेक कांदा बघून जे घडवलं होतं ते संपलं होतं, आणि ते तिने स्वतःच्या हाताने पोत्यात भरून संपवलं होतं. नाना तिच्या शेजारी जाऊन बसले. "चूक माझीच," ते म्हणाले. "तुमची कशी? तुमी काय कांदे लावता व्हय?" आई म्हणाली. त्याही अवस्थेत तिला तिच्या चुकीत वाटेकरी नको होता. त्या रात्री आमच्या घरी पहिल्यांदाच रेडिओ लागला नाही. मी उगाचच तिला पाणी विचारायला चारदा बाहेर गेले.

आणि पाणी विचारता विचारताच मला आठवलं. आत्याचा वाटा! तो तर किरणांच्या आधीच गेला होता.

माझी मालूआत्या नानांची थोरली बहीण. इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर तिचा फ्लॅट होता. आई आणि आत्या यांचं वाकडं नव्हतं, पण सरळही नव्हतं. आई दर खेपेला कांद्याबरोबर सूचना पाठवायची: प्लॅस्टिकवर ठेवू नका, हवेशीर ठेवा, ओल लागू देऊ नका. आणि दर खेपेला गेल्यावर आत्याच्या गॅलरीत जाऊन कांदे तपासायची. आत्याला हे मुळीच आवडत नसे. मी कांद्याची आठवण काढली तशी आई ताडकन उठली, आणि मग तिच्या लक्षात आलं की दुसऱ्याच दिवशी आत्याच्या लेकीचा साखरपुडा होता. पन्नासएक माणसांचं जेवण. मसाल्याची वांगी आणि काळ्या मसाल्याचा रस्सा, म्हणजे कांदा भाजून वाटण. दगूआप्पाच्या दुकानातून फोन लावला तर आत्याचा फोन सारखा एंगेज. घरात कार्य म्हटल्यावर काय होणार? आप्पा बिचारा आमच्याबरोबर नंबर फिरवत बसला. "लागंना ओ वैनी," तो म्हणाला, "पहिल्या गाडीनं जावा तुमी. मी लावत ऱ्हातो." आईने त्या माणसाला त्या दिवसापासून कधी नावं ठेवली नाहीत.

साखरपुड्याला आम्ही दुपारी जाणार होतो, ते आई आणि मी पहाटेच्या एस्टीत बसलो. नाना मागून नीट कपडे घेऊन येणार. मार्केटच्या फाटकाशी ट्रॅक्टरांची ही रांग, त्यात एस्टी अडकली. रस्त्यावर कांदाच कांदा, दोन्ही बाजूंनी ट्रॉल्या भरून, आणि आई खिडकीतून एकेक ट्रॉली निरखत होती. "यातला एक बी माझा नाय," ती म्हणाली. निफाडला थंडी अशी की खिडकीची काच धरवेना. नाशिकला उतरून रिक्षा केली. आई रिक्षावाल्याला सारखी म्हणत होती, "दादा, जरा दमानं नको, बेगीन चला."

इमारतीच्या फाटकातच वास आला. भाजलेल्या कांद्याचा तो वास एरवी पोटात भूक जागी करतो, त्या दिवशी त्या वासाने आम्ही दोघी पळतच आत शिरलो. पार्किंगमध्ये आचाऱ्याने निखाऱ्यांवर जाळी टाकली होती आणि तिच्यावर कांद्यांचा ढीग. आई धावत गेली आणि जाळीवरचा एक कांदा नुसत्या हाताने उचलला. आचारी ओरडला, "ओ मावशी! हात भाजंल!" आईने तो कांदा पदरात धरून फिरवून बघितला. वरच्या टोकाला हिरवा कोंब होता, अर्धा जळून काळा झालेला. तिचाच कांदा. "असे अजून किती हायेत?" तिने विचारलं. "हेच की शेवटचे," आचारी म्हणाला. "मॅडम बोलल्या, कोंब आलेले आधी संपवा, पाहुण्यांना दिसायला नको. चांगले बाजारातून मागवलेत, ते हे बघा." आई जमिनीवरच बसली. आचारी चांगला माणूस होता. त्याने तिला पाणी दिलं आणि जरा वेळाने समजूत घालावी तसं म्हणाला, "भाजलेला काय उगवत नाय ओ मावशी."

तेवढ्यात आत्या खाली आली. अंगावर ठेवणीतली पांढरी रेशमी साडी, केसात गजरा, आणि समोर भावजय राखेत बसलेली. वंदनेला भन्तेजी यायची वेळ झालेली. "सुमन, अगं काय हे? कोणी बघितलं तर? आणि एवढ्या सकाळी?" मीच सगळं सांगितलं: किरण, पोती, वाफे, तपकिरी ठिपका. आत्या ऐकता ऐकता आधी घाबरली, मग तिचा चेहरा कसनुसा झाला. "म्हणजे तुला कोंब आलेलेच हवेत?" तिने दोनदा विचारलं. मग इकडे तिकडे बघून म्हणाली, "वर चल. पण एक शब्द बोलायचा नाही, आधीच सांगते."

आम्ही तिच्या मागे तीन मजले चढलो. गॅलरीच्या कोपऱ्यात जुनी चटई उभी करून ठेवलेली होती. आत्याने ती बाजूला केली. मागे धुण्याच्या पाण्याच्या ओलीत, प्लॅस्टिकच्या कागदावर, हवा अजिबात नाही अशा जागी, म्हणजे आईच्या एकूण एक सूचना मोडून, कांद्यांचा ढीग पडलेला होता. काही सडलेले होते. पण बाकीच्यांना हिरवेगार, लांबलचक, वाकडेतिकडे कोंब फुटले होते आणि ते सगळे गॅलरीच्या जाळीतून उजेडाकडे निघाले होते. "तू आज येणार आणि नेहमीसारखी तपासणार, म्हणून काल रात्री इथे लपवले," आत्या म्हणाली. "आता बोल काय बोलायचं ते."

आईने आत्याच्या गळ्यात मिठी मारली. राखेच्या हातांनी, त्या पांढऱ्या रेशमी साडीसकट. आणि आदल्या दिवसापासूनचं तिचं रडू तेव्हा कुठे आलं. आत्याला आधी वाटलं ती चेष्टा करतेय, मग वाटलं तिला काही झालं, आणि मग दोघी मिळून रडायला लागल्या. माझी आतेबहीण नवरीच्या वेशात बाहेर आली. "सगळं ठीक आहे ना?" तिने मला विचारलं. "एकदम ठीक," मी म्हटलं, "कांदे सडायला ठेवले होते ना, म्हणून." साखरपुडा फार छान झाला. रस्सा तर असा झाला होता की नानांनी तीनदा घेतला, आणि तो कशाचा झालाय हे आम्ही त्यांना जेवण झाल्यावरच सांगितलं.

निघताना कोंबवाले कांदे आम्ही टोपलीत गवतावर अलगद मांडले. आत्याने त्यातले चार काढून घेतले. "हे माझ्याकडे राहू देत," ती म्हणाली. "तुझा भरवसा नाही सुमन. उद्या पुन्हा कशाला तरी किरण मारून आणशील."  आईने कबूल केल्यासारखी मान हलवली. आमच्या शिवारात ते कांदे लागले, आणि होते थोडेच, पण सगळे उगवले.

माघात कशासाठी तरी नाशिकला जाणं झालं आणि आम्ही आत्याकडे गेलो. आई सवयीने थेट गॅलरीत गेली. तिथे रंगाच्या रिकाम्या बादलीत, आत्याने कुठून तरी आणलेल्या मातीत, डोंगळे उभे होते. कमरेएवढे दांडे आणि वर पांढरे गोंडे. खाली इंदिरानगरची वाहनं, समोर दुसऱ्या इमारतीच्या दोऱ्यांवर वाळणारे कपडे, आणि तिसऱ्या मजल्यावर कुठून कोण जाणे, मधमाश्या आल्या होत्या. आईने वाकून एकेक गोंडा तपासला. आत्या दारात, हात पुसत, ती काय खोड काढते याची वाट बघत.

"अक्का," आई म्हणाली, "माझ्यापेक्षा चांगले आलेत हो तुमचे."

 इतक्या वर्षांत आईच्या तोंडून असं काही ऐकायची आत्यावर वेळच आली नव्हती. "हो का?" म्हणाली, आणि डोळे पुसत चहा टाकायला आत गेली.